दार ओढून घ्या हं

पाहुणा निघाला की आतून आवाज येतो, "दार ओढून घ्या हं." हात कणकेत असतात, उठायचं नसतं. पाहुणा दार ओढतो, लॅच 'टक्' करतं आणि दोन्ही बाजूंना वाटतं, झालं बंद.

मराठीत दार बंद असण्याच्या पायऱ्या आहेत. लोटलेलं दार वेगळं, ओढलेलं वेगळं, कडी घातलेलं वेगळं, कुलूप लावलेलं वेगळं. आणि जुन्या वाड्यात, रात्री भिंतीतून लाकडी अडसर ओढून घातलेलं दार तर आणखी वेगळं. भाषेला हा फरक पक्का ठाऊक आहे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मात्र आपण या सगळ्या पायऱ्या एका 'टक्' आवाजात गुंडाळून टाकल्या.

तो आवाज ज्या जिभेचा असतो ती एका बाजूने तिरकी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. तिरकी आहे म्हणून तर दार नुसतं ओढलं की चौकटीला घासून मागे सरकते आणि भोकात जाऊन बसते. पण जी जीभ चौकटीच्या धक्क्याने मागे सरकते, ती दुसऱ्या कशाच्या धक्क्यानेही सरकू शकते. चौकोनी जिभेचं, म्हणजे डेडबोल्टचं तसं नसतं. तिच्यामागे स्प्रिंग नाही. किल्ली किंवा आतली मूठ फिरेल तेव्हाच ती हलते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅचमध्ये दोन्ही सोयी एकाच डबीत असतात. नुसतं ओढलं तर स्प्रिंगची जीभ, आणि बाहेरून किल्लीचे फेरे दिले तर तीच जीभ आणखी बाहेर येऊन घट्ट बसते किंवा शेजारचा बोल्ट बाहेर येतो. हे फेरे द्यायचा कंटाळा येतो. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जाताना नाही दिले तर समजू शकतं, पण आठ दिवस गावाला जाणारी माणसंही घाईत दार नुसतं ओढून निघतात आणि गॅस बंद केला का, यावर स्टेशनपर्यंत वाद घालतात.

आता फेरे दिले असं धरू. तरी एक तपासणी बाकी राहते, जी फारसं कुणी करत नाही. दार उघडं ठेवून किल्ली किती फेरे फिरते ते मोजा. मग दार लावून मोजा. उघड्या दारात पूर्ण दोन आणि बंद दारात दीड फेरा होत असेल, तर कुलूप बिघडलेलं नाही. सुताराने चौकटीतलं भोक पुरेसं खोल कोरलेलं नाही. जीभ लाकडावर जाऊन आपटते आणि अर्धवट राहते. जिभेच्या टोकाला थोडं ओलं कुंकू किंवा खडू लावा, दार लावा, फेरे द्या, परत उघडा. डाग कुठे पडला ते दिसेल. तो भोकाच्या तळाशी असेल तर खोली वाढवायची; काठावर असेल तर भोकावर चौकटीला मारलेली पत्र्याची पट्टी एकदोन मिलिमीटर सरकवायची. पटाशीचं दहा मिनिटांचं काम आहे. जीभ चौकटीत किमान वीस मिलिमीटर तरी गेली पाहिजे.

त्या पत्र्याच्या पट्टीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण दाराला लाथ बसते तेव्हा कुलूप क्वचितच तुटतं. तुटतं ते लाकूड, आणि तेही या पट्टीच्या स्क्रूंजवळ. कुलपाच्या खोक्यात जे स्क्रू येतात ते पाऊण-एक इंची. चार-पाच हजारांचं कुलूप घ्यायचं आणि ते एक इंची दोन स्क्रूंच्या भरवशावर चौकटीला टेकवायचं, यालाच आपले लोक 'दरवाजा मोकळा नि मोरीला बोळा' म्हणत असावेत. त्यांच्या जागी आठ नंबरचे, दोन ते अडीच इंची स्क्रू घाला. आधी तीन मिमीच्या बिटने भोक पाडा, स्क्रूला साबण किंवा मेण चोळा आणि स्क्रूड्रायव्हरने फिरवत न्या. हे शेवटचं मुद्दाम सांगावं लागतं. पुष्कळ सुतार स्क्रू अर्ध्याच्या वर हातोडीने ठोकतात आणि शेवटचे चार आटे तेवढे पिळतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण ठोकलेल्या स्क्रूने लाकडाचे तंतू फाटलेले असतात, आट्यांना धरायला काही उरत नाही, आणि असा स्क्रू खिळ्यासारखा सरळ उपसून येतो. काम चालू असताना समोर उभं राहावं. सुताराला राग आला तर येऊ द्यावा. चहा दिला की जातो.

मग चौकटच हलते का ते बघायचं. दार लावून आतून कुलपाजवळ, वर आणि खाली तळव्याने जोर देऊन ढकला. दार चौकटीत हलतंय की चौकट भिंतीत हलतेय, हे प्लास्टरवरच्या बारीक चिरेवरून कळतं. नेहमीची लाकडी चौकट चार बाय अडीच इंची असते आणि दोन्ही अंगांना तीन-तीन होल्डफास्टनी, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, पकडलेली असते. निदान असायला हवी. ती ढिली असेल तर चौकटीतून आरपार जाणारे दहा मिमीचे, सव्वाशे मिमीच्या आसपास लांबीचे फास्टनर, म्हणजे भिंतीत घट्ट धरणारे बोल्ट, घालतात. त्यातले पासष्ट मिमी लाकडातच जातात. उरलेले विटेत गेले पाहिजेत, विटांच्या मधल्या सांध्यात किंवा नुसत्या प्लास्टरमध्ये नव्हेत. नव्या इमारतींत भिंती विटांच्या नसून हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात स्क्रूसाठी भोकात घालायचा साधा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, फिरत राहतो. अशा भिंतीसाठी वेगळे, लांब पंखांचे गट्टू मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात भिंत कसली आहे ते आधी सांगायचं. पत्र्याची पोकळ चौकट असेल तर तिच्या पोटात सिमेंटचा माल भरलेला आहे का, ते बोटाने वाजवून कळतं. पोकळ वाजली तर कुलपाच्या पातळीला ती हाताने वाकेल इतकी मऊ समजा.

आपल्या हवेत दाराला आणखी एक शत्रू आहे, आणि तो चोर नाही. पाऊस. जुलैत दार फुगतं, लागेना होतं, खांद्याने ढकलावं लागतं. सुतार येतो, रंधा मारतो, दार छान लागायला लागतं. एप्रिलमध्ये तेच दार आकसतं आणि जिथे तीन मिमीची फट असायची तिथे सहा मिमीची होते. म्हणजे जीभ तेवढी कमी आत जाते आणि फटीतून काही सरकवायला जागा तेवढी जास्त मिळते. दोन-तीन पावसाळे असे रंधे मारले की दार चौकटीला परकं होतं. खरा दोष लाकडाचा नसतो, न रंगवलेल्या कडांचा असतो. दाराचे दोन्ही चेहरे पॉलिश केलेले असतात, पण वरची आणि खालची कड कुणाला दिसत नाही म्हणून कोरी सोडलेली असते, आणि पाणी तिथूनच पितं. मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना, दार बिजागऱ्यांवरून उतरवून या दोन कडांना प्रायमरचे दोन हात द्या. जुलैत रंधा मारावाच लागला तर अगदी घासतं तिथेच, एखादा मिलिमीटर. आणि उघडी पडलेली कड लगेच बंद करा.

दार जाड किती, यावर कुलूप ठरतं. आपण उलटं करतो. मॉर्टिस कुलूप दाराच्या जाडीत कोरून बसवतात. त्याची डबी पंधरा-सोळा मिमी जाड असते. तीस मिमीच्या फ्लश दारात ती कोरली की दोन्ही बाजूंना सात-सात मिमीचं लाकूड राहतं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर पडणार तिथेच दार सगळ्यात पातळ. पस्तीस मिमीच्या खाली मॉर्टिस घालू नये, आणि घातलंच असेल तर त्या जागी दाराला दोन्ही बाजूंनी कवटाळणारी स्टीलची पट्टी बसवून घ्यावी. पातळ दाराला आतून पृष्ठभागावर बसणारं कुलूप बरं. दार भरीव आहे की आतून पोकळ, हे कलिंगड वाजवावं तसं वाजवून पाहा. खोलीच्या आतल्या दारांसारखा आवाज आला तर ते मुख्य दार नव्हे, पडदा आहे.

मॉर्टिसच्या सिलिंडरबद्दल, म्हणजे ज्यात किल्ली जाते त्या भागाबद्दल, एवढंच ध्यानात ठेवा: तो बाहेरच्या तबकडीतून दोन मिमीपेक्षा जास्त पुढे डोकावता कामा नये. सिलिंडरच्या मधोमध, जिथे त्याला धरणारा स्क्रू जातो, तिथे धातू सगळ्यात कमी असतो, आणि पुढे आलेलं टोक म्हणजे पकडीला दिलेलं आमंत्रण.

अल्ड्रॉप (बाहेरून कुलूप अडकवायचा आडवा सरकता दांडा) आणि कडी-कोयंडा या जुन्या मंडळींना कमी लेखू नये. जुन्या दारांत कोयंड्याचे पाय लाकडातून आरपार काढून आतल्या बाजूला दुमडलेले असत. बाहेरून उपसायला काही सापडतच नसे. आता अल्ड्रॉप बाहेरून चार स्क्रू मारून बसवतात. कुलूप लागलेलंच राहतं, पण स्क्रू काढले की अख्खा अल्ड्रॉप कुलपासकट हातात येतो. त्याला गोल डोक्याचे बोल्ट लावायचे, डोकं बाहेर आणि नट आत, नटाखाली रुंद वॉशर. आणि कुलपाची कडी कोयंड्यात जेमतेम मावेल अशी घ्यायची. मोकळी जागा राहिली की तिथे पहार शिरते. कुलपांचा विषय निघाला की अलिगढ आठवतं, नाहीतर १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला सुरू केलेला कारखाना आठवतो. पण एवढ्या घराण्यातलं कुलूप आणून आपण ते पत्र्याच्या कडीत अडकवतो.

बाहेरच्या कुलपाचा खरा दोष मात्र ताकदीचा नाही. ते बोलतं. लटकणारं कुलूप म्हणजे 'घरात कुणी नाही' असं दारावर लिहिलेली पाटी. दारातच बसवलेलं कुलूप गप्प असतं. लागलंय की नाही, हे जिन्यातून जाणाऱ्याला कळत नाही. गावाला जाताना फ्लॅटच्या जाळीच्या दारालाही आतल्या अंगाचं कुलूप असावं ते याचसाठी. तिथे आणखी एक गोष्ट. जाळीचं दार हवा यावी म्हणून असतं आणि त्याच जाळीतून हातही येतो. आतली कडी बाहेरून हात घालून पोचेल अशा जागी असते. पोचत नाही असं वाटत असेल तर घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगा, तो उघडून दाखवील. कडीभोवती एक फूट बाय एक फूट पत्र्याची प्लेट वेल्ड करून घ्या. हे दार बाहेर उघडत असल्यामुळे त्याच्या बिजागऱ्यांच्या पिनाही बाहेरच असतात. लोखंडी दार असेल तर वेल्डरकडून प्रत्येक पिनेच्या टोकाला एक टाका मारून घ्यायचा. लाकडी असेल तर बिजागरीच्या बाजूच्या कडेत, वरच्या आणि खालच्या बिजागरीजवळ, एक-एक अडीच इंची स्क्रू आठ-दहा मिमी बाहेर ठेवून घाला, त्याचं डोकं कापा, टोकाला खडू लावून दार हळू लावा. चौकटीवर जिथे ठिपका पडेल तिथे जरा मोठं, बारा मिमी खोल भोक. पिना काढल्या तरी दार निघत नाही.

आणि कृपा करून कुलपात खोबरेल घालू नका. आपल्या घरात करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूचं औषध ते एकच. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे किल्ली अडकते, मग आणखी तेल घातलं जातं, त्यावर धूळ बसते, आणि आतल्या इवल्याशा पिना त्या चिखलात रुततात. पेन्सिलच्या शिशाची पूड किल्लीवर चोळून ती दहा वेळा आतबाहेर करा. पुरतं.

आता किल्लीकडे येऊ. दार कितीही पक्कं केलं तरी त्याची ताकद शेवटी जादा किल्ली जिथे ठेवली असेल त्या जागेएवढीच असते. पायपुसण्याखाली किल्ली असेल तर ते घर पायपुसण्याने बंद आहे.

सुरुवात मोजणीने करावी. तुमच्या दाराच्या किल्ल्या किती आहेत? नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा तीन किंवा पाच किल्ल्यांचा जुडगा देतात. त्याआधी त्या दाराची किल्ली सुतार, रंगारी, फरशीवाला, लिफ्टजवळ बसणारा मुकादम अशा सगळ्यांच्या खिशांतून फिरलेली असते. कुणी वाईट असेल असं नाही, पण हिशेब राहत नाही. भाड्याच्या घरात तर आधीचे किती भाडेकरू किती किल्ल्या खिशात घालून गेले, ते मालकालाही ठाऊक नसतं. म्हणून राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी सिलिंडर बदलावा (भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून). याला सुतार लागत नाही. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेवर, कुलपाच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या बरोबर समोर एक लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढा. किल्ली घालून अगदी थोडी फिरवा, म्हणजे सिलिंडरच्या मधलं बाहेर आलेलं जिभाड आत होतं आणि सिलिंडर सरळ ओढून निघतो. त्याच्या मधल्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतची मापं वेगवेगळी घ्या, तीस-तीस, तीस-चाळीस असं काहीतरी येईल. आतल्या बाजूला मूठ असलेला त्याच मापाचा सिलिंडर आणा. बसवताना तो लांब स्क्रू जिवाच्या आकांताने पिळू नका. सिलिंडर तिरका होऊन किल्ली जड फिरते. आणि दार लावण्यापूर्वी प्रत्येक नवी किल्ली उघड्या दारात फिरवून बघा. बंद दारात चाचणी घेणारे बाहेर उभे राहतात.

डुप्लिकेट नेहमी मूळ किल्लीवरून काढावी. नकलेची नकल, तिची पुन्हा नकल, असं करत गेलं की प्रत्येक वेळी खाचा केसभर सरकतात आणि शेवटची किल्ली 'जरा हलवून' लागायला लागते. संकटात वापरायची किल्ली तशी चालत नाही. काही किल्ल्यांबरोबर क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला किंवा कार्ड येतं. त्या क्रमांकावरून किल्ली बनू शकते, तेव्हा तो बिल्ला जुडग्यात अडकवून मिरवायचा नसतो. तसंच नव्या घराच्या किल्लीचा फोटो. स्टेटसवर हातात किल्ली, मागे तोरण! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं होतं की दुरून काढलेल्या फोटोवरूनही किल्लीच्या खाचा वाचता येतात आणि तशीच किल्ली कापता येते. फोटो काढायचाच तर खाचांवर अंगठा ठेवावा.

लपवण्याच्या जागा आपल्या सगळ्यांच्या एकच. चौकटीच्या वरची पट्टी, पायपुसणं, दाराशेजारची कुंडी, चपलांच्या कपाटातला जुना बूट, विजेच्या मीटरची पेटी, दुधाच्या पिशवीसाठी टांगलेली थैली, बंगल्यात तुळशीवृंदावनाचा कोनाडा. या जागा वाईट का, तर त्या एकाच नियमाने निवडलेल्या असतात: दारासमोर उभं राहून, वाकून किंवा हात उंचावून, अंधारातही सापडावी. चोराकडे वेळ थोडा असतो. तोही तिथेच उभा राहतो आणि त्याचाही हात तेवढाच लांब असतो. दगडाच्या आकाराची किल्लीची डबी विकत मिळते. बागेत, पन्नास दगडांत ती ठीक. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एकच दगड पडलेला असेल तर पोस्टमनसुद्धा उचलून बघेल.

लपवण्यापेक्षाही घात होतो तो काढताना. किल्ली रोज एकाच जागेवरून काढली जाते आणि जिन्यात रोज तीच माणसं असतात. इस्त्रीवाला, पेपरवाला, समोरच्यांकडे आलेला प्लंबर. त्यांच्यातला कुणी चोर नसतोच बहुतेक, पण बोलताना सहज बोलून जातो. म्हणून पहिला नियम: रोजच्या वापरासाठी लपवलेली किल्ली हा प्रकारच नसावा. ज्याला रोज लागते त्याला स्वतःची किल्ली द्या, शाळेतून एकट्या येणाऱ्या मुलालाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोरीने शिवून. जादा किल्ली वर्षातून दोनदाच लागावी.

दुसरं, तिच्यावर काही लिहू नये. फ्लॅट क्रमांकाची चिठ्ठी लावलेली किल्ली हरवली तर किल्ली आणि पत्ता एकत्र हरवतात. गाडीत ठेवली तर तेच. शेजारच्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं असतात आणि त्यावर घराचा पत्ता. ओळख म्हणून नेलपॉलिशचा एक ठिपका पुरे. नोकरीच्या ठिकाणच्या बंद खणात बिनखुणेची किल्ली मात्र उत्तम. ती जिथे आहे तिथे कुणाला दार माहीत नाही, आणि दाराजवळ कुणाला ती माहीत नाही.

विमा असेल तर आणखी एक गोष्ट. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा 'बळजबरीने प्रवेश' अशी अट असते. अशाच शब्दांची पॉलिसी असलेल्या एका प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट अक्षरशः वाचली. किल्लीने उघडलेल्या दारावर ओरखडा नसतो. कुंडीखालची किल्ली वापरून कुणी घर साफ केलं तर पंचनाम्यात तुटलेलं काहीच सापडत नाही. आपली पॉलिसी काढून हे कलम आजच वाचावं.

सगळ्यात चांगली जागा माणूस. चाळीत हे कुणाला शिकवावं लागलं नाही. प्रत्येक खोलीची किल्ली शेजारच्या खोलीत खिळ्याला असायची. फ्लॅटमध्ये थोडी काळजी घ्यायची. किल्ली जाड पाकिटात घाला, पाकीट डिंकाने बंद करा, जोडावर आडवी सही करा, त्यावरून चिकटपट्टी. यात अविश्वास नाही. उलट शेजाऱ्यावरही कधी बालंट येत नाही. आणि दोन दारं असतील तर दोन घरं निवडावीत: जाळीच्या दाराची किल्ली समोरच्या काकूंकडे, आतल्या दाराची खालच्या मजल्यावर. एकट्या कुठल्याच किल्लीने घर उघडत नाही. तुम्ही नसताना दोघांपैकी कुणीच गावाला गेलेलं नसावं, एवढं बघावं. दिवाळीत सगळी बिल्डिंग रिकामी होते.

बंगल्याला किंवा गावच्या घराला आकड्यांची भिंतीवरची पेटी चालते. चार चक्रं म्हणजे दहा हजार जोड्या. स्वस्त पेटीत मात्र कळ दाबून धरत चक्र फिरवलं की बरोबर आकड्यावर बोटाला सूक्ष्म अडखळ लागते, तेव्हा पेटी घेण्यापूर्वी दुकानातच हे करून बघावं. ती चारही भोकांतून विटेत फास्टनरने बसवायची, दाराशेजारी नव्हे तर पंपाच्या खोलीच्या मागे किंवा तशाच आडोशाला. जन्मसाल आणि घर क्रमांक हे आकडे नकोत. पुरायचीच असेल तर फसफसत्या गोळ्यांची रिकामी नळी घ्या. तिच्या झाकणात ओल शोषणारे दाणे असतात. किल्ली आत, नळी दोन पिशव्यांत, आणि वीतभर खोल. अंतर झाडापासून न मोजता विहिरीच्या कठड्यापासून किंवा भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजा. झाड पडतं.

कोकणातल्या बंद घरांचं गणित निराळं. गणपती आणि मे महिना सोडला तर वर्षभर कुलूप, आणि खारी दमट हवा. तिथे लोखंडी कुलूप दोन पावसाळ्यांत दगड होतं. पितळी अंगाचं, स्टेनलेस कडीचं घ्यावं. पाऊस लागू नये म्हणून कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधतात, तिच्यात दमट हवा कोंडून गंज उलट लवकर चढतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून झापडासारखा लावा, खालून उघडा. पुढच्या दाराला एवढं करून मागच्या पडवीचं दार मात्र एका टॉवर बोल्टवर असतं, आणि वर कौलं आहेत, जी हातांनी सरकतात. अशा घराचं खरं कुलूप म्हणजे वाडीतला दिवा लावायला येणारा माणूस. त्याच्याकडे किल्ली असणं आणि त्याने आठवड्यातून एकदा दारं उघडून वारा खेळवणं, यातच घराची राखण आहे.

डिजिटल कुलपांत किल्लीचा प्रश्न संपला असं वाटतं. संपत नाही. बहुतेकांत चार पेन्सिल सेल असतात. ते अल्कलाइनच घालावेत, कारण चार्ज होणाऱ्या सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) कमी असल्याने कुलपाला बॅटरीचा अंदाज येत नाही. सेल अचानक मेले तर बऱ्याच मॉडेलांना बाहेरून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून जाग आणता येते. भांडी घासून, शेतात राबून किंवा वयाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्यांचं बोट हे कुलूप ओळखत नाही, तेव्हा आजीला आकडेच द्यावेत. आणि खोक्यात आलेली साधी किल्ली? ती जवळजवळ प्रत्येक घरात त्या दाराच्या आत, कपाटात असते.

परदेशी गेलेल्या मुलांनी कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या आईवडिलांना पाठवलेलं असतं ते हेच कुलूप. शेजाऱ्यांकडे किल्लीही दिलेली असते. पण रात्री आजोबा सवयीने दाराची वरची कडी घालतात, आणि मग बाहेरची कुठलीही किल्ली उपयोगाची नसते. बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा दार फोडावं लागतं. तेच दार, ज्याला आपण आत्ता दोन-अडीच इंची स्क्रू घातले.

म्हणून अशा घरात वरची कडी काढूनच टाकावी आणि तिची भोकं बुजवावी. नुसतं 'घालू नका' म्हणून भागत नाही. तिच्याऐवजी आतून मुठीने आणि बाहेरून किल्लीने फिरणारा डेडबोल्ट. आतल्या बाजूला किल्लीचा सिलिंडर असेल तर रात्री किल्ली त्यातच लटकते आणि साध्या सिलिंडरमध्ये मग बाहेरची किल्ली शिरत नाही; म्हणून मूठ. जाळीच्या दारालाही तीच सोय, आणि प्लेट लावली असल्याने ती मूठ बाहेरच्या हाताला पोचत नाही. बाथरूमला बाहेरून नाण्याने फिरणारी खिट्टी. मग एका दुपारी, सगळे धडधाकट असताना, आजी-आजोबांनी आतून रात्रीसारखं सगळं बंद करून बसावं आणि समोरच्या काकूंना फोन करावा. काकूंनी पाकीट फोडायचं, खालच्या मजल्यावरून दुसरी किल्ली आणायची, दोन्ही दारं उघडायची, किती मिनिटं लागली ते घड्याळात बघायचं. नवं पाकीट, नवी सही. जुलैत दार फुगलं की हीच तालीम परत करायची, कारण मेमध्ये एका हाताने फिरणारी किल्ली तेव्हा दार ओढून धरल्याशिवाय फिरत नाही, आणि हे काकूंना माहीत असायला हवं.